बराकीला दोन दारं

उल्हासनगरच्या स्मृतिभवनाचं काम मला मिळालं, कारण माझ्यावर संशय घेण्यासारखं कोणाला काही सापडलं नाही. माझ्या आधीचा आर्किटेक्ट मुंबईचा होता. त्याने काँक्रीटचा एक कललेला मनोरा काढला होता आणि 'ही जखम आहे' असं समितीला सांगितलं होतं. ती जखम किती फूट उंच असावी यावर समितीने तीन बैठका घेतल्या. चौथ्या बैठकीला त्याने फोनच उचलला नाही.

माझं ऑफिस बदलापूर पूर्वेला, एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर आहे. बावीस वर्षं मी वन बीएचकेचे नकाशे काढतेय. शिवाय अंबरनाथ एमआयडीसीतल्या काही शेड, दोन शाळा, एक बुद्धविहार, एक मंगल कार्यालय. देशाच्या इतिहासाशी माझा व्यावसायिक संबंध तोवर आला नव्हता.

मुलाखतीला समितीतली दोनच माणसं बोलली. एक अध्यक्ष, ऐंशीच्या घरातले सिंधी गृहस्थ, ज्यांचा जीन्सचा धंदा आता मुलं बघतात. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. दुसरे जवळच्याच गावातले आगरी काका, सत्तरीचे, गावदेवीच्या देवळाचे विश्वस्त. 

"मॅडम, आप सिंधी तो नहीं हो?" शेठनी विचारलं.

"नाही."

"आगरी?" काका म्हणाले.

"नाही. मी अंबरनाथची. वडील एमआयडीसीत होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मंग ठीक हाय," काका म्हणाले. "परफेक्ट है," शेठ म्हणाले. पुढच्या दोन वर्षांत या दोघांचं एवढ्या झटपट एकमत मी पुन्हा पाहिलं नाही.

भांडण काय होतं ते सांगते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथल्या गावांची शेतं घेतली आणि सैनिकांसाठी लांबच लांब बराकी बांधल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या. मग फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना त्या बराकींमध्ये ठेवलं. त्या छावण्यांचंच पुढे शहर झालं. आजही इथे पत्ता विचारला की लोक आधी कॅम्प नंबर सांगतात. आता फाळणीच्या आठवणी जपणारी इमारत बांधायची ठरली होती, आणि शेठच्या मते गोष्ट आगगाडीतून उतरलेल्या माणसांपासून सुरू होत होती, तर काकांच्या मते नांगर थांबला त्या दिवसापासून.

मी आल्यानंतरची पहिली बैठक नावावर झाली. पालिकेच्या अभियंत्याने साधा मसुदा आणला होता, 'निर्वासित स्मृतिभवन'.

"निर्वासित नहीं लिखना," शेठ म्हणाले. "शरणार्थी भी नहीं. मेरा बाप किसी की शरण में नहीं आया. पहिल्या दिवसापासून त्याने गोळ्या-बिस्किटं विकली, माँ ने पापड बेले. पुरुषार्थी लिखो."

"आनि आमी?" काका म्हणाले. "तुमी तिकरून हितं आलाव तवा निर्वासित झालाव. आमी तं घरी बसल्या जागी झालो. पयला निर्वासित कोन, ते लिवा."

अभियंता चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने इतिवृत्तात नावाच्या जागी एक आडवी रेघ मारली आणि 'नंतर भरावे' असं कंसात लिहिलं. ते कोणी भरलंच नाही. पुढचा सगळा कागद त्या रेघेसकट फिरत राहिला. निविदेची जाहिरातसुद्धा 'उल्हासनगर — स्मृतिभवन' अशीच छापून आली, आणि एका ठेकेदाराने मला फोन करून विचारलं की ही रेघ बांधकामाच्या व्याप्तीत येते का.

दुसरी बैठक दारावर झाली. मी दार रस्त्याकडे काढलं होतं, कारण दार रस्त्याकडे असतं. काकांनी नकाशा उलटा करून पाहिला.

"हितून आत आला की मानूस पयला काय बगनार?"

"फाळणीचं दालन."

"म्हंजी आमची शेती शेवटाला. बाहेर पडताना, चपला घालताना बगायची."

मग मी गावाच्या बाजूला दुसरं दार काढलं. त्या दाराने आत गेलं की आधी शेतं, मग छावणी, मग आलेली माणसं. रस्त्याच्या दाराने गेलं की आधी आलेली माणसं. शेठना हे पटलं, पण त्यांनी अट घातली की दोन्ही दारं एका मापाची हवीत. मी मापं सारखी केली. मध्ये स्वच्छतागृह ठेवलं, दोन्ही बाजूंना सामाईक. त्यावर मात्र कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या बैठकीला मी फोमबोर्डचं मॉडेल नेलं. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसायचं. मला वाटलं, लोक वाकून बघतील, कौतुक करतील. काकांनी खिशातून शाळेतली सहा इंची पट्टी काढली आणि दालनं मोजायला लागले. शेठनी अभियंत्याचं कॅल्क्युलेटर ओढून घेतलं. दहा मिनिटं आकडेमोड चालली. मग कळलं की दोन दालनं सारखी आहेत, पण त्यांच्यामधली भिंत मी गावाच्या दालनातून वजा केलीय.

"नऊ इंच आमचे गेले," काका म्हणाले.

"भिंत तर दोघांची आहे," मी म्हटलं.

"मंग निम्मी त्यांच्यात धरा."

"अरे, दीवार पे फोटो दोनों साइड से लगेगा," शेठ म्हणाले. "मैं क्यों आधा दूँ?"

मी पेन्सिल घेऊन भिंतीच्या मधोमध रेघ ओढायला लागले. अर्धी ओढली आणि माझा हात थांबला. मी काय करतेय ते मला त्या क्षणी दिसलं. मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "आपण फाळणीचं स्मारक बांधतोय आणि मी इथे पट्टीने मधोमध रेघ मारतेय."

शेठनी चष्मा काढून पुसला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होईल, कोणीतरी खरं काही बोलेल.

अभियंत्याने घसा साफ केला. "मॅडम, मग वॉल नऊ इंची धरू की साडेचार?"

साडेचारवर एकमत झालं. 

स्मृतिभवनासाठी दिलेल्या भूखंडावर एक जुनी बराक अजून उभी होती. बाकीच्या लोकांनी आपापल्या बराकी पाडून मजले चढवले, ही एक राहून गेली. मी मोजमापं घ्यायला गेले, तर एका टोकाला अंगण झाडलेलं, तुळस, आणि खुर्चीवर एक म्हातारी बाई पाय वर घेऊन बसलेली. आजूबाजूचे तिला अम्मा म्हणायचे. ती त्याच बराकीत जन्मली होती. नवरा गेला, मुलगी पुण्याला, ती इथेच.

"उन्हातून आलीस, आधी बस," ती म्हणाली, आणि विचारायच्या आत भाजलेला पापड आणि पाणी पुढे आलं. सिंधी घरात याशिवाय बोलणं सुरू होत नाही. 

मी टेप लावत बराकीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही एक दार होतं, गावाच्या बाजूला. दोन्ही दारं एका मापाची होती. समितीत एक अख्खी बैठक खाऊन मी जे काढलं होतं ते एखाद्या लष्करी मिस्त्रीने ऐंशी वर्षांपूर्वी काहीही न विचारता बांधून ठेवलं होतं. समितीतलं कोणीही गेल्या कित्येक वर्षांत आत पाऊल टाकलं नसणार.

"अम्मा, इथलं काय जपायला हवं असं तुम्हाला वाटतं?" मी वही उघडली.

तिने विचार केला. "काही नाही. पाडून टाका."

"असं कसं?"

"तू राहून बघ. मे महिन्यात पत्रा तापतो ना, डोक्यात डाळ शिजेल. पावसात मी छत्री घेऊन चपात्या लाटते. शेठला सांग, तुझ्या आठवणी तू घरी ठेव, मला एक फ्लॅट दे. लिफ्टवाला."

ज्या बराकीबद्दल सगळे भांडत होते तिच्यात जन्मभर राहिलेलं हे एकच माणूस होतं. शेठ तीन वर्षांचे असताना आले आणि दहाव्या वर्षी बाहेर पडले. काकांनी तर बराकीखाली गेलेलं आज्याचं शेत कधी पाहिलंच नव्हतं, पण बांधावर बाभळी किती होत्या ते त्यांना तोंडपाठ होतं. मी पुढच्या बैठकीत सुचवलं की अम्मांना समितीत घ्यावं. अभियंत्याने नियम पाहिला. अम्मा भूखंडावर राहत असल्यामुळे कागदोपत्री त्यांचं अतिक्रमण होतं, आणि अतिक्रमणधारकाला समितीवर घेतलं तर हितसंबंधांचा प्रश्न येत होता.

"ती तिथे राहते म्हणून तिला आठवणींवर बोलता येणार नाही?" मी विचारलं.

"बोलू शकतात," तो म्हणाला. "लेखी."

यानंतर समितीने मनोरा, काच, दगड असं सगळं सोडून एक समंजस निर्णय घेतला. नवीन काही नको, जुनी बराक होती तशीच असावी. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटले. मग अभियंत्याचा फोन आला. बराक धोकादायक यादीत होती. स्मारक उभं करायचं तर जागा मोकळी हवी, म्हणजे बराक पाडायला हवी. पाडून झाली की हुबेहूब तशीच नवी बांधता येईल.

मी दोन नकाशे काढले. एक 'विद्यमान', एक 'प्रस्तावित'. दोन्ही तंतोतंत सारखे. ऑफिसातली मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही एकच दोनदा प्रिंट केलंय. 

ते मंजुरीसाठी ऑनलाइन चढवले तर प्रणालीने लाल खुणांचा पाऊस पाडला. उंची कमी. खिडक्या अपुऱ्या. उजेड-वारा नियमात नाही. एवढ्या जागेत एवढी माणसं चालणार नाहीत. खाली शेरा होता, 'ही इमारत मानवी वापरास अयोग्य आहे.' एका बराकीत कितीतरी कुटुंबं गोणपाटाचे पडदे लावून राहिली होती. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तो शेरा प्रिंट काढून जपून ठेवलाय. स्मारकासाठी मी जे काही गोळा केलं त्यात तोच मला सगळ्यात खरा वाटतो.

खिडक्या वाढवल्या, छप्पर उंच केलं, रॅम्प आला, अग्निशमनाची टाकी आली. शेवटी जी इमारत मंजूर झाली ती बदलापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयासारखी दिसत होती. मी स्वतः काढलेलं मंगल कार्यालय मला चांगलंच ओळखू येतं.

पाडायचा दिवस ठरला. सकाळी दहाला जेसीबी आला. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, घरची चार माणसं आणि एक नारळ घेऊन आले होते. आज्याच्या शेतावरचं ओझं उतरणार होतं, ते बघायला. अम्मांना पालिकेने कॅम्प चारमध्ये खोली दिली होती, लिफ्टवाली. त्यांनी सामान टेम्पोत भरलं, तुळस मांडीवर घेतली, आणि निघताना सवयीने बराकीच्या दाराला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली.

"अम्मा, ते पाडायचंय," मी म्हटलं.

"हो, पाडा की," त्या म्हणाल्या आणि टेम्पोत चढल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

अभियंत्याने नियमाप्रमाणे तोंडापाशी हात धरून हाक मारली, "आत कोणी आहे का?"

"हाँ, है," आतून आवाज आला.

आम्ही धावत गावाच्या बाजूच्या दाराने आत गेलो. बराकीच्या मधोमध जमिनीवर शेठ मांडी घालून बसले होते. सफारी सूट, बाजूला काठी. 

"शेठ, तुम्हीच सही केलीय," अभियंता म्हणाला.

"किया ना. मालूम है." ते उठले नाहीत. "मेरी माँ इधर सोती थी. तीसरी खिडकी के नीचे. उसका पेटी उधर."

"चला, बाहेर बसू."

"बाहर तो मैं सत्तर साल से बैठा हूँ."

अभियंता फोन लावत बाहेर गेला. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं आणि डबा उघडला. मग काका पुढे आले. मला वाटलं, आता तमाशा होणार. 

"उठा शेठ," काका म्हणाले. "ही जागा आमची हाय."

"तो तू भी निकालेगा?" शेठ म्हणाले. "निकाल. आदत है."

काका उभेच राहिले. गुडघे दुखत असावेत, कारण थोड्या वेळाने ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. नारळ हातातच होता. तो कुठे ठेवावा हे न समजून त्यांनी तो दोघांच्या मध्ये ठेवला. शेठनी खिडक्यांकडे बोट दाखवून परत आईच्या जागेचं सांगायला सुरुवात केली. काका ऐकत होते. मग म्हणाले, "तिसरी कनची? ह्या दारातून मोजली तं तिसरी, त्या दारातून मोजली तं चौथी."

"तीसरी. पक्का."

"कनच्या दारातून?"

शेठनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. ऐंशी वर्षांचा माणूस, आणि आई नक्की कुठे झोपायची तेच हातातून निसटलं होतं. काका उठले आणि एका दारापासून खिडक्या मोजत आले. मग दुसऱ्या दारापासून. 

"उजेड सकाली यायचा का सांच्याला?" त्यांनी विचारलं.

"सुबह. माँ के मुँह पे आता था."

"मंग ही." काकांनी एका खिडकीखाली पाय आपटला. "आमचा बांध बी हितूनच जायाचा. बगा, तुमची आय आमच्या बांदाव झोपायची."

"तेरा बाँध मेरी माँ के नीचे था," शेठ म्हणाले, आणि दोघं त्यावर हमरीतुमरीवर आले. दुपारी दोनपर्यंत ते भांडत होते. एकही जण बाहेर येईना, कारण जो आधी बाहेर जाईल त्याने हार मानली असं झालं असतं. काकांच्या घरून भाकरी आल्या. दोघांनी त्या खाल्ल्या. अभियंत्याने पंचनाम्यात लिहिलं, 'आत दोन सदस्य असल्याने कार्यवाही तहकूब.' दुसऱ्या दिवशीही ते दोघं सकाळी दहाच्या ठोक्याला आत हजर.

तिसऱ्या दिवशी अभियंता माझ्या ऑफिसात आला, पाणी प्यायला, आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दुरुस्ती दाखवूया." दुरुस्तीला नवा नकाशा लागत नाही, उंची वाढवावी लागत नाही, फक्त आहे ते पडणार नाही एवढं बघायचं. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोणी दुरुस्तीचं विचारलंच नाही. सगळे स्मारकाचं विचारत होते."

आम्ही लोखंडी टेकू दिले, पत्रे बदलले, ओल काढली. दुरुस्तीत नवी भिंत घालता येत नाही, त्यामुळे साडेचार इंचाचा प्रश्न आपोआप मिटला. दोन्ही बाजूंचे फलक समोरासमोर लागले. त्यांच्यातल्या निम्म्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. अम्मांनी किल्ली द्यायला नकार दिला, म्हणून त्या बाजूचं कुलूप तोडावं लागलं. त्यांनी तक्रार केली, लेखी.

उद्घाटनानंतर शेठ आणि काका आळीपाळीने तिथे बसायला लागले. आलेल्या लोकांना जो तो आपापला इतिहास सांगतो. सोमवारी आलेली शाळा आणि मंगळवारी आलेली शाळा दोन वेगळ्या गावांची माहिती घेऊन जाते. अभिप्रायासाठी वही हवी होती. पालिकेच्या भांडारात 'हरकती व सूचना' छापलेल्या नोंदवह्याच शिल्लक होत्या, त्याच ठेवल्या. लोकांनी ते मनावर घेतलं. एका महिन्यात पहिली वही भरली.

मी वडिलांना घेऊन गेले तेव्हा तिसरी वही चालू होती. ते आता पंच्याहत्तरीचे आहेत. जालन्याकडून अठराव्या वर्षी इकडे आले, कारखान्यात लागण्याआधी उल्हासनगरच्या बाजारात हमाली केली, हे मला माहीत होतं. त्यांनी एका दाराने आत जाऊन सगळे फलक वाचले, दुसऱ्या दाराने बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "गळत नाही ना?"

"नाही, बाबा."

ते टेबलाशी बसले आणि वही पुढे ओढली. 'हरकत' या रकान्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर गोल काढत लिहिलं, 'मी या बाजारात पहिल्यांदा आलो त्या दिवशी एका दुकानात पाणी मागितले. पेल्यातून दिले. दुसऱ्या दिवशी आडनाव विचारले. मग ओंजळीत ओतले. दुकान कोणत्या बाजूच्या माणसाचे होते ते लिहीत नाही.'

मी वाचलं. बावीस वर्षं नकाशे काढतेय, आणि या ओळीला किती जागा लागते ते मला सांगता आलं नसतं. त्या दिवशी काकांची पाळी होती. ते खुर्चीवरून उठून आले आणि वडिलांच्या खांद्यावरून त्यांनी ते वाचलं. मग त्यांनी वहीतल्या दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सूचना बी लिवा. मोकला ठेवला तं सायब परत पाठवतो."

वडिलांनी चष्मा वर करून छताकडे पाहिलं, चारी बाजूंना पाहिलं, जरा विचार केला, आणि लिहिलं, 'एक पंखा वाढवावा.'